खापरी नळाचा शेवटचा चैत्र

यंदा चैत्र लागला आणि माझे गुडघे दुखायला लागले. तसे ते बाराही महिने दुखतात, पण चैत्रात त्यांचा तोरा वेगळाच असतो. सुमन, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "तुमच्या गुडघ्यांना पंचांग कळतं." कळतही असेल. पोरवयापासून पंचविशीपर्यंत दर चैत्रात मी याच गुडघ्यांवर जमिनीखालून रांगलो आहे. वर ऊन रणरणत असायचं, पाखरंसुद्धा सावली धरून बसलेली असायची, आणि आम्ही बापलेक खाली गार चिखलात, कंदिलाच्या उजेडात, भिंतीतल्या मुळ्या कापत पुढे सरकत असायचो. त्या गारव्याचं तेव्हा कौतुक वाटायचं. आता तो गुडघ्यात साठून राहिला आहे.

आठवण निघायला यंदा आणखी एक कारण झालं. नगरच्या एका कॉलेजातले सर चारपाच मुलं घेऊन आले होते. गावाबाहेर जुन्या भुयारी नळाचं विहिरीसारखं दगडी तोंड आहे, त्या उच्छ्वासापाशी त्यांनी फोटो काढले, पट्टी लावून दगड मोजले आणि मग माझ्या ओट्यावर बसून चहा घेतला. तिथं माहितीचा फलक लावायचा आहे म्हणाले, त्यावर नळ राखणारं घराणं म्हणून आमचं नाव येणार. "गुरुजी, तुम्हीच दोन पानं लिहून द्या. नळ कसा होता, कसा चालायचा आणि बंद कसा पडला." मी जन्मभर शाळेत मास्तरकी केली, पोरांना ढीगभर निबंध लिहायला लावले. म्हटलं, दोन पानांचं काय एवढं. पहिलं पान एका बैठकीत झालं. दुसऱ्या पानावर 'नळ बंद पडला' एवढं लिहिलं आणि आठ दिवस कागद तसाच पडून आहे.

आमच्या जिल्ह्याला दुष्काळी म्हणतात. खोटं नाही. पण नकाशा उघडून बसलं तर त्यात जागोजागी निळे ठिपके दिसतात. भातोडीचं तळं, विसापूरचं तळं, आणि ज्यांना तळं याशिवाय दुसरं नावच नाही अशी गावोगावची कितीतरी. परक्या माणसाला याचं नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. पाऊस थोडा, म्हणून पडेल तेवढा धरून ठेवायची सवय, एवढाच त्याचा अर्थ. निजामशाहीत तर शहरातल्या महालांना आणि कारंज्यांना पाणी न्यायला चारी बाजूंच्या डोंगरांकडून जमिनीखालून नळ काढले होते. आमच्या गावावरून जातो तो त्यातलाच एक.

वरच्या अंगाला तळं. तळ्याच्या पोटाशी एक झाकलेली विहीर. तिच्यातून निघालेलं दगडी भुयार आमच्या गावापर्यंत येतं, माणूस रांगत जाईल एवढं. पुढं भाजक्या मातीच्या नळ्या, एकीत एक बसवलेल्या, सांध्यांना चुना, कापूस आणि तेल कुटून केलेला लेप. ठरावीक अंतरावर विहिरीसारखे उभे दगडी उच्छ्वास, हवा खेळायला आणि माणसाला उतरायला. शहराकडचा भाग कुणाच्या आठवणीतही चालू नव्हता. आमच्या लहानपणी नळ संपायचा तो खालच्या वाडीच्या हौदात. वाडीची जमीन म्हणजे निव्वळ खडक, तिथं विहिरीला पाणी लागत नाही. म्हणून नळाचं पाणी वाडीचं. आमच्या गावाला तळं होतं, विहीर होती, म्हणून आमचा त्यावर हक्क नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण गावातल्या कुणी उच्छ्वासात पोहरा सोडला असता तर आमच्या आप्पांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. उंच, वाळकुडे, बोलायला कंजूष. चैत्रात नळ उतरायच्या दिवशी ते सकाळी आंघोळ करून पागोटं बांधायचे आणि उच्छ्वासाच्या काठावर गेल्यावर तेच पागोटं काढून माझ्या आईच्या हातात द्यायचे. आधी दोरीनं पेटता दिवा आत सोडायचा. दिवा नीट जळला तर खाली हवा चांगली. मग आप्पा, मागून मी. पहिल्या दिवशी भुयार, दुसऱ्या दिवसापासून एकेक उच्छ्वास. नळीत माणूस जात नाही, म्हणून लांब बांबूला कोयता बांधून मुळ्या ओढायच्या. जिथं सांधा सैल दिसेल तिथं लेप थापायचा. तो लेप कुटायचं काम माझं. त्या कुटलेल्या तेलकट चुन्याचा वास दोन दोन दिवस हातांचा जात नसे, भाकरीलाही यायचा.

सगळं झालं की शेवटी हळद सोडायची. वरच्या उच्छ्वासात आई ओंजळभर हळद टाकायची, आणि मी खालच्या वाडीला पळत सुटायचो. तिथं हौदाच्या कडेला वाडीतल्या बायका वाट बघत बसलेल्या असायच्या. त्यांच्यात पुढे भामाबाई. ही वाडीतली विधवा बाई, हौद झाडायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलेलं. हौदाच्या तोटीतून पिवळं पाणी आलं की नळ मुळापासून शेवटापर्यंत धड आहे असं समजायचं. भामाबाई ते पिवळं पाणी पहिल्यांदा स्वतःच्या कपाळाला लावायची, मग माझ्या, आणि एक नारळ माझ्या हातात देऊन म्हणायची, "जा, भावाला सांग, पानी आलं."

भाऊ म्हणजे आप्पा. त्यांचं नातं एवढंच, पाण्याचं. त्या नारळाचं खोबरं आमच्या घरात कधी कुणी सहज तोंडात टाकलं नाही, देवापुढं ठेवूनच खाल्लं.

मग बहात्तर साल आलं. त्या दुष्काळावर आता पुस्तकं निघतात, भाषणं होतात. मला मात्र आठवतात ते बारीकसारीक प्रकार. त्या वर्षी सुगीत खळं झालंच नाही, त्यामुळे संध्याकाळी कडब्याचा वास नाही. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायचा आवाज दिवसभर, आणि तो थांबला की कानात घुमणारी शांतता. कामावर वाटली जाणारी, डब्यातली सुकडी. तळ्याचा तळ उघडा पडून वाळलेल्या चिखलाच्या खपल्या निघाल्या होत्या. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि गावची विहीर खरवडून निघत होती. मी मास्तरकीचं शिक्षण घेऊन नेमणुकीची वाट बघत होतो आणि तोवर कामावर माती वाहत होतो. सुमनला सातवा महिना होता. दोन घागरी घेऊन ती पार ओढ्यातल्या झिऱ्यावर जायची, वाटीवाटीनं पाणी भरायची आणि उन्हातून परत यायची.

आप्पा फाल्गुनातच बैलजोडी घेऊन घोडेगावकडच्या छावणीत गेले होते. जनावरांना वैरण मिळायची, पण माणसाला तिथंच राहावं लागे. जाताना म्हणाले होते, "चैत्रात येतो. आपुन दोगं मिळून नळ उतरू." चैत्र आला, आप्पा आले नाहीत. एक बैल पाय ओढायला लागला होता, त्याला सोडून येववेना. छावणीतून परतलेल्या एका माणसाबरोबर त्यांनी निरोप पाठवला. "यंदा राहू दे म्हनावं. एकट्यानं उतरू नको. एक साल राहिलं तर काय व्हत न्हाई."

त्याच आठवड्यात तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. तात्या म्हणजे गावातले जाणते, चार लोक ज्यांचं ऐकतात असे. त्यांनी आधी सुमनची चौकशी केली, मग आप्पांची, मग आभाळाची. नंतर हळू आवाजात म्हणाले, "आपल्या पायाखालून पानी चाललंय आन आपल्या बाया वाटीनं पानी भरत्यात. तुला वाट म्हाईत हाय."

"तात्या, पाणी वाडीचं आहे."

"वाडी काय, चार घरं. आपलं गाव केवढं हाय? आन कायमचं थोडंच हाय? पाऊस पडला की बोळा काढून टाक. बाहीर कोन बोलनार न्हाई, ती जबाबदारी माझी."

मी दोन दिवस विचार केला असं मला सांगायला आवडेल. प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी, टळटळीत दुपारी, सगळं गाव सावलीला पडलेलं असताना मी उच्छ्वासात उतरलो. भुयार संपून खापराची नळी सुरू होते त्या तोंडाशी बसलो. तळं आटलं तरी झाकल्या विहिरीचे झरे जिवंत होते, मनगटाएवढी धार होती. बाकी सगळ्या जगाचं पाणी आटलं होतं आणि ही आपली खळखळत चालली होती. मी बरोबर चुना, कापूस, तेल कुटून नेलं होतं. सांधे बुजवायचा तो लेप पोत्याच्या बोळ्याला चोपडला आणि नळीच्या तोंडात ठोकून बसवला. हात चांगला बसलेला होता. एक थेंब पुढं जाईना.

संध्याकाळपर्यंत उच्छ्वासात दीड पुरुष पाणी चढलं. गावातल्या बायांनी पोहरे सोडले. कुणीतरी हसलं, कितीतरी दिवसांनी. एकीनं माझ्यावरून मीठमिरची ओवाळून टाकली. मला त्याचं बरं वाटलं, हे कबूल करायला पाहिजे. पुढं कितीतरी वर्षं मी मनाशी घोकत होतो की सुमनसाठी केलं, पोटातल्या लेकरासाठी केलं. सुमनला हे एकदा बोललो, तर ती निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून म्हणाली, "माझ्या नावावर खपवू नका. मी मागितलं नव्हतं." खरं आहे. तिनं मागितलं नव्हतं. आप्पांचा मुलगा म्हणून ओळखला जाणारा मी त्या दिवसापासून माझ्या नावानं ओळखला जायला लागलो होतो, आणि ते मला हवं होतं.

वैशाखात भामाबाई आली. अनवाणी, दीड कोस चालून, काखेत रिकामी घागर. उच्छ्वासाकडे गेलीच नाही, सरळ आमच्या घरी आली. ओट्याच्या खांबाला टेकून बसली आणि मला विचारलं, "मास्तर, तोटी सुकली रं आमची. वरच्या इहिरीतच पानी न्हाई का?"

मी म्हणालो, "दुष्काळ आहे, मावशी. वरूनच आटलं."

"मला वाटलंच. आमच्यातली माणसं गेली निघून कामावं, पोरंबाळं घिऊन. म्हातारी तेवढी ऱ्हायली. भाऊ आले असते तर बगितलं असतं त्यांनी." मग तिनं सुमनला विचारलं, किती महिने झाले, काय खावंसं वाटतं. सुमन उठली, आतून भरलेला हंडा आणून भामाबाईच्या घागरीत ओतला. भामाबाईनं तिच्या पोटावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. तिच्याच हौदाचं पाणी तिच्याच घागरीत पडत होतं, आणि ती आम्हाला आशीर्वाद देत होती. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सुमन दारात उभी होती. आत आली ती माझ्याकडे न बघता चुलीपुढं जाऊन बसली.

त्या रात्री तरी मी उतरून बोळा काढायला हवा होता. नाही काढला. आता लोकांना पाण्याची सवय लागली होती, आणि मला लोकांची.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. आमच्या मुलीचा जन्म झाला. विहिरीला पाणी आलं, ओढा वाहायला लागला, आणि मी उच्छ्वास उपसून बोळा काढायला उतरलो. लेपाचा शेवटचा डागसुद्धा छिन्नीनं खरवडून काढला. आयुष्यात इतकं स्वच्छ काम मी पुन्हा केलं नाही. धार पुढं निघाली. मी हळद टाकली आणि वाडीला गेलो. हौदाच्या काठावर दिवस मावळेपर्यंत बसलो. तोटीतून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली. तिसऱ्या दिवशी मधल्या उच्छ्वासात उतरून कान लावला. पाणी येत नव्हतं, वरच्या बाजूलाच कुठंतरी जमिनीत जिरत होतं.

काय झालं हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. ती नळी इतकी वर्षं पाण्यानं भरलेली, म्हणून तिच्याभोवतीची काळी माती कायम ओली. मी पाणी तोडलं तेव्हा ती माती पहिल्यांदा वाळली. वाळली तशी भेगाळली, आणि भेगाळताना तिनं खापराच्या नळ्या एकमेकींतून ओढून काढल्या. एखाद्या ठिकाणी नव्हे, वाडीपर्यंत सगळीकडे. राजे गेले, महाल पडले, कारंजी बुजली, तरी चालू राहिलेला नळ मी एका उन्हाळ्यात मारला.

आप्पा श्रावणात परत आले, एकच बैल घेऊन. मी त्यांना सांगितलं की नळ चालत नाही. एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पागोटं काढून आईच्या हातात दिलं आणि उतरले. तीन दिवस एकेक उच्छ्वास करत होते. मला बरोबर घेतलं होतं, मी कंदील धरत होतो. उघड्या सांध्यांमधून मुळ्या आत शिरल्या होत्या, पांढऱ्या, कोवळ्या, पावसानं फोफावलेल्या. आप्पांनी त्या मुठीत धरून उजेडात पाहिल्या. तिसऱ्या दिवशी वर येऊन काठावर बसले. मग म्हणाले, "मी चैत्रात आलो न्हाई. मुळ्यांनी खाल्ला नळ."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आप्पांनी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठायचा प्रयत्न केला, आणि मी त्यांना उठवण्यात गुंतलो. तात्यांना मी नंतर म्हणालो की आप्पांना सांगून टाकतो. तात्या म्हणाले, "आता सांगून पानी येनार हाय का? म्हाताऱ्या मानसाच्या जिवाला कशाला घोर." अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि अख्खं गाव गप्प राहिलं. तात्यांनी दिलेला शब्द पाळला. आप्पा पुढं सात वर्षं जगले. दर चैत्रात ते उच्छ्वासाकडे जाऊन बसत आणि कुणी विचारलं तर सांगत, एक साल चुकलं माझं. मी जवळच्या गावात मास्तर झालो होतो, पोरांना खरं बोलण्याचे धडे देत होतो.

आज सकाळी सरांच्या कागदावर मी 'नळ बंद पडला' हे खोडून 'नळ मी बंद पाडला' असं लिहिलं आणि खाली सही केली. सुमननं वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "आप्पांचंही लिहा." म्हणजे कोणता दिवस, हे तिला सांगावं लागलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही.

नळ मेला हे कळल्यानंतरच्या सोमवारी आप्पा मला म्हणाले, "चल, वाडीला जाऊन येऊ." सगळीकडे हिरवं झालं होतं, रानात हुलग्याचे वेल गुडघ्याएवढे. वाडीत शिरल्यावर आप्पा कुणाच्या घरात गेले नाहीत, सरळ हौदापाशी गेले. परत आलेली माणसं हळूहळू जमली, भामाबाई आली. आप्पांनी पागोटं काढलं आणि हौदाच्या कोरड्या पायरीवर ठेवलं. त्यांना उघड्या डोक्यानं चारचौघांत मी कधी पाहिलं नव्हतं.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "चैत्रात यायला पायजे हुतं. जनावराचं बगत बसलो. आता नळ काय चालत न्हाई, मी बगून आलो."

मग भामाबाईनं वाकून पागोटं उचललं, पदरानं पुसलं आणि स्वतःच्या हातांनी आप्पांच्या डोक्यावर ठेवलं. "भाऊ, असं करू नगा. दुस्काळानं मानसं नेली, नळाचं काय घेऊन बसलात."

आप्पांचं समाधान होईना. ते माझ्याकडे वळले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक सांगतो, ह्या पोराचा काय बी दोष न्हाई. त्यो एकटा उतरनार हुता. मीच नगं म्हनलो."

लोकांनी माना डोलावल्या. भामाबाई घरात जाऊन तांब्या घेऊन आली. पाणी आता त्यांना ओढ्यावरून आणावं लागत होतं. आप्पा डोळे मिटून प्यायले. मग तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. माझ्या पाठीवर आप्पांचा हात तसाच होता. मी तांब्या घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.